अर्ध्या एकरातली लग्नं

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी जे जे केलं त्याचा कुणाला अचंबा वाटायला नको. घराण्यातच आहे ते. वडील एका साली पाऊस लांबला म्हणून आभाळाकडं बघून मोठमोठ्यानं शिव्या देत बसले होते, तर आई म्हणाली होती, "हळू बोला. वर ऐकू गेलं तर येणार हाय तेवढाबी यायचा न्हाई." वडलांनी मग आईलाच शिव्या दिल्या. तर असा वारसा.

आमचं रान जवळा बाजारच्या पलीकडं, डांबरी रस्त्याला लागून. मी आणि माझे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, चुली वेगळ्या पण शेती एकत्र करतो. हळद, सोयाबीन, थोडा कापूस, कडंला तूर. विहिरीजवळचं अर्ध एकर सगळ्यांत भारी. काळी, भुसभुशीत माती, हातानं उकरली तर कोपरापर्यंत हात जावा अशी. त्या अर्ध्या एकरावर आमच्या कारभारणीचा कैक वर्षांपासून डोळा होता.

तिचं माहेर कयाधूच्या काठचं. तिच्या लहानपणी उन्हाळ्यात नदीच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या असायच्या आणि ती त्या राखायला जायची. आता ती वाळू टिप्परमध्ये बसून शहराकडं गेली, पण बाईच्या डोक्यातली टरबुजं काही गेली नाहीत. दरसाल म्हणायची, "मला तेवढं अर्ध एकर द्या. मी काय पिकवते ते बघा." मी दरसाल म्हणायचो, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे लहान लेकरालाही माहीत आहे.

गेल्या दिवाळीत मात्र भाऊबीजेला तिचे भाऊ आलेले, दादा बसलेले, आणि तिनं विषय काढलाच. आता आमच्याकडं बाई थोरल्या दिरासमोर पदर घेते आणि त्यांच्याशी तोंडानं बोलत नाही. दाराआड उभी राहते आणि नवऱ्याला सांगते. नवरा तेच दोन हातांवर बसलेल्या भावाला परत सांगतो. भावाला पहिल्यांदाच ऐकू आलेलं असतं, पण तो दुसऱ्यांदा ऐकल्यावर मान हलवतो.

दादा म्हणाले, "लावू दे एक साल. पण फेल गेलं तर पुन्हा नाव काढायचं न्हाई. तिथं हळद."

दाराआडून आवाज आला, "दादांना म्हणावं, कबूल. पन निघालं तर ते अर्ध एकर जलमभर माझ्या हाताखाली. काय लावलं, काहून लावलं, कुणी इचारायचं न्हाई."

मी दादांना सांगितलं. दादांनी मान हलवली. तिचे भाऊ साक्षीला होते. खरं सांगायचं तर मी मनातून दादांच्या बाजूचा होतो. बायको पन्नाशीला टेकली, आता हे काय खूळ, असं मला वाटायचं. पण तिला ते खूळ नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्या रानात निंदलं, खुरपलं, वेचलं, काढलं, आणि इतक्या वर्षांत 'इथं काय लावावं' असं तिला एकदाही कुणी विचारलं नव्हतं. हे तिनं मला त्या रात्री सांगितलं. मी कूस बदलली.

जानेवारीत तिनं टरबूज लावलं. बेड पाडले, त्यावर चंदेरी मल्चिंग पेपर अंथरला, भोकं पाडून रोपं लावली. ठिबकच्या नळ्या स्वतः तपासायची. एकेका रोपाशी जाऊन वाकून बघायची. एवढ्या वेळा ती माझ्याकडंही बघत नव्हती.

फेब्रुवारीत वेल पसरले आणि त्याच टायमाला आमची हळद शिजवायला आली. आमच्या हिंगोली जिल्ह्यात त्या दिवसांत कुठल्याही रस्त्यानं जा, धूर आणि वाफ आणि उकडलेल्या हळदीचा वास. हळद शिजवायचा कुकर म्हणजे घरातला शिट्टीचा नव्हे. लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या, मधे पाण्याचं पिंप, खाली भट्टी, भट्टीत लाकडं. भाड्यानं येतो, सोबत कुकरवाला येतो, आणि मजुरीला तांड्यावरची बायामाणसं येतात. त्यांची मुकादम म्हणजे एक साठीची मावशी. अंगानं काडी, पण तोंड असं की कुकरवालाही तिला घाबरायचा.

कुकर कुठं लावायचा, हा प्रश्न आला. माणसांना सावली पाहिजे. आणि आमच्या रानात सावलीचं झाड म्हणजे बांधावरचा एकच लिंब. आधी बरीच झाडं होती. बोरी, हिवर, दोन बाभळी, एक जुनी चिंच. दोन सालांमागं जेसीबी लावून आम्ही बांध साफ केला. सोयाबीनची दोन तासं, म्हणजे दोन ओळी वाढल्या, म्हणून मी गावभर सांगत फिरलो होतो. लिंब तेवढा वाचला, कारण जेसीबीवाल्याला दुसरीकडं जायची घाई होती.

त्या लिंबाच्या उंच फांदीला आग्या मोहोळ लागलेलं होतं. चांगलं सुपाएवढं. दरसाल दिवाळीच्या सुमाराला यायचं, उन्हाळ्यात जायचं. मावशीनं आल्या आल्या वर बघितलं आणि म्हणाली, "मालक, इथं भट्टी नका लावू. वर मोहोळ हाय. धुरानं उठंल."

मी म्हणलं, "मावशी, माझ्या रानातलं मोहोळ, माझ्याच झाडावर ऱ्हातं. मला चावतंय व्हय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

भट्टी पेटली. लाकडं जरा ओली होती. धुराचा एक जाडजूड लोट निघाला आणि इकडं तिकडं न बघता सरळ वर गेला, पाहुणा पत्ता विचारून यावा तसा. थोडा वेळ काही झालं नाही. मी मावशीकडं बघून हसलोसुद्धा. मग वरून एक घरघर सुरू झाली.

मावशी ओरडली, "आडवं पडा! तोंड झाका! हालू नका!" तिची सगळी माणसं तांड्यातली, जाणती. पटापटा हळदीच्या पाल्यात आडवी झाली, बायांनी डोक्यावरून पदर ओढले. कुकरवाला ट्रॅक्टरखाली शिरला. उभा राहिलो मी एकटा. आणि उभाच नव्हे, मी गमजा गरागरा फिरवत, माशांना आईबहिणीवरून शिव्या देत बांधानं पळत सुटलो. माशीला शिवी कळत नाही, पण फिरणारा गमजा बराबर कळतो. विहिरीत उडी मारायचा विचार आला, पण आपल्याला पोहता येत नाही हे अगदी काठावर आठवलं. तिथून परत वळलो, म्हणजे ज्या माशा मागं होत्या त्यांच्या तोंडातच गेलो. शेवटी पाल्याच्या ढिगात डोकं खुपसलं. डोकं गेलं आत, बाकीचा मी बाहेर.

दवाखान्यातून सुया टोचून घरी आलो तर एक डोळा बंद, कानाचा बटाटा, आणि ओठ असा की दादांनी ओसरीवर येऊन विचारलं, "कोन पाव्हणे?" कारभारणीनं नखानं खरवडून एकेक काटा काढला. काढताना तिचा हात हलत होता, कारण ती हसत होती. "गमजा काहून फिरवला?" म्हणायची आणि पुन्हा हसायची. बाकी कुणाला फारसं काही झालं नव्हतं, एखाददुसरा काटा. एवढी माणसं रानात, आणि सगळ्या माशा माझ्याच वाट्याला. मावशीनं तर, "मालकांनी सगळ्या आपल्याकडं घेतल्या, लई उपकार झाले," म्हणून जाता जाता हात जोडले.

तिथं माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हाला मी ट्रॅक्टरचा फवारणी पंप जोडला. लांब नळीचा, झाडाच्या शेंड्यापर्यंत मारणारा. कापसाला आणलेलं औषध कोठ्यात उरलेलं होतं. आमच्याकडं फवारायच्या विषाला औषधच म्हणतात. कापसाला औषध, तुरीला औषध, गवताला औषध. आजारी कोण आहे ते कुणी विचारत नाही. झाकणाचं माप दोनदा ओतलं, मग वर आणखी एक राग म्हणून ओतलं. बंद डोळ्यावर पट्टी, उघड्या डोळ्यावर चष्मा, अंगावर घोंगडं, डोक्याला मच्छरदाणी. आणि लिंबाखाली उभा राहून मी ते मोहोळ धुऊन काढलं.

माशा खाली पडल्या. पोतं उसवल्यावर ज्वारी सांडावी तशा पडत होत्या. सकाळी लिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. मी फोटो काढला आणि मोबाईलच्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'हिशेब बरोबर.' गावातल्या कितीतरी जणांनी अंगठे दाखवले.

मावशी सकाळी कामाला आली. तिनं खाली बघितलं, वर बघितलं. मला वाटलं, काहीतरी टोमणा मारील. तिनं नुसतं विचारलं, "एवढा राग, मालक?" आणि झाडू घेऊन त्या माशा बाजूला सारू लागली. सारता सारता म्हणाली, "माझा बाप मोहोळ काढायचा. पन पिलांची बाजू सोडून द्यायचा. फुडच्या साली त्याच झाडाला पुन्हा यायचं." मी म्हणलं, बरं बरं, हळद उकळायलीय तिकडं बघा.

आठवड्याभरात टरबुजाला फुलं आली. पिवळीजर्द. कारभारीण सकाळी सकाळी रानात जायची आणि नाचतच घरी यायची. मादीफुलाच्या मागं हरभऱ्याएवढी लव असलेली गोळी असते, तीच पुढं टरबूज होते. ती मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेली. मी म्हणलं, बघू बघू. आणि चहा प्यायला हॉटेलवर गेलो.

चार दिवसांनी ती घरी आली आणि ओंजळ उघडून दाखवली. पिवळ्या पडून गळालेल्या गोळ्या. "फळच धरंना," म्हणाली. "फूल उमलून राहिलं, दोन दिसांनी गळून राहिलं."

मी गेलो जवळ्याला, औषधाच्या दुकानात. दुकानदार मोठा हुशार. काय झालंय ते सांगायच्या आतच बाटली काढून ठेवतो. "सेटिंग होईना व्हय? ही मारा. आन् सोबत ही एक, रस शोषणारी कीड असंल तर मरून जाईल." कीड आहे का, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही बघितलं नव्हतं. दोन्ही बाटल्या आणल्या आणि मोठ्या दिमाखात सकाळी आठ वाजता, फुलं टक्क उघडी असताना, सगळ्या अर्ध्या एकरावर फवारून काढल्या. म्हणलं, बायकोचं काम करतोय, जरा नाव होईल.

फळ आधी थोडं तरी धरत होतं. आता तेही धरंना. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

मग एके सकाळी बघतो तर कारभारीण टरबुजाच्या मधोमध बेडवर बसलेली. हातात खुरपं नाही, काही नाही. नुसती बसलेली. मी बांधावरून ओरडलो, "काय करून राहिली? देव आला का अंगात?"

तिनं मला हातानं गप्प केलं. मी हळदीकडं चक्कर मारून आलो, ती बसलेलीच. ऊन चढलं, फुलं मिटायला लागली, तेव्हा उठली. माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "एक न्हाई."

"काय एक न्हाई?"

"माशी. सकाळधरून बसले. एक माशी आली न्हाई फुलावर. आमच्या वाडीत तर फुलापाशी कान नेला की घुंगराट ऐकू यायचा. इथं नुसतं वारं. अवो, फळ कुठून धरंल?"

मी भांडलो. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. म्हणलं, एका मोहोळानं काय होतं? गावात काय माशांचा दुष्काळ पडला? बारक्या माशा असतात की! तर तिनं मला शांतपणे धरून बांधावर नेलं आणि एकेक विचारत गेली. "बोरीला बारकं पोळं असायचं. बोर कुठं हाय?" जेसीबीनं नेली. "इथं तरवड फुलायचा, रानतुळस असायची, टाकळा असायचा. कुठं हाय?" गवताच्या औषधानं गेला. "तूर फुलात असताना आपून किती बारी फवारलं?" मी मोजत बसलो आणि मोजणं सोडून दिलं. "मंग ऱ्हायलं होतं ते लिंबावरचं मोहोळ. ते तर तुमी मोबाईलला लावलं."

मी बोललो, बरंच बोललो, मोठ्यानं बोललो, पण त्यात काही नव्हतं. बाईची पैज बुडत होती आणि ती तिच्या हातानं बुडत नव्हती.

उपाय मावशीनं सांगितला. "हातानं लगीन लावा. नराचं फूल, मादीचं फूल, एकाला एक घासायचं. माशी तेच करती. फकस्त ती तक्रार करीत न्हाई." हळदीच्या कामाला लागायच्या आधी ती दोन बायांना घेऊन कारभारणीच्या मदतीला येते म्हणाली, पण फुलं पहाटे उमलतात आणि नवापर्यंत मिटतात. म्हणजे उजाडता उजाडता लागावं लागणार. दोघी-तिघींना सगळं आवरणार नव्हतं. मी छाती पुढं काढून म्हणलं, "विहिरीकडच्या चार ओळी माझ्याकडं. तुमी बघू नका तिकडं."

"जमंल का?" कारभारीण म्हणाली.

"लगीनच लावायचं ना? आजवर गावात किती लग्नांत फिरलोय मी."

दोन सकाळी मी एकट्यानं त्या चार ओळी केल्या. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला झाला, पण काम चोख. तिसऱ्या सकाळी कारभारीण माझ्या ओळीकडं आली. माझ्या हातातली टोपली तिनं बघितली. टोपलीत मादीफुलं होती. हरभऱ्याएवढ्या गोळ्यांसकट, सगळी तोडलेली.

"हे काय हाय?"

"नवऱ्या."

"काय?"

"अगं, नवरी तोडायची, नवऱ्याजवळ न्यायची, घासायची. मावशीनंच सांगितलं ना?"

तिनं आ वासला. "नवरी तोडली? तिच्यावरच टरबूज लागतंय! नवरा तोडायचा आन् नवरीकडं न्यायचा!"

आता माझीही पंचाईत बघा. मी मोठ्यानं म्हणलं, "आसं कसं? लगीन झाल्यावर पोरगी सासरी जाती का पोरगा? तुझं लगीन झालं तवा तू इथं आली का मी कयाधूच्या काठी आलो?"

तिकडं मावशी उभी होती. ती मल्चिंगवर खाली बसली. बसली म्हणजे हसून हसून तिच्या पायांत बळच राहिलं नाही. पदर तोंडात कोंबून म्हणाली, "मालक, टरबुजात घरजावईच असतोय! नवऱ्यालाच जावं लागतं!" तिच्या दोन बायाही हसल्या. सायकलवरनं दूध घेऊन निघालेला एकजण रस्त्यावर थांबून काय झालं म्हणून विचारू लागला आणि मावशीनं त्याला तिथूनच ओरडून सांगितलंही. दुपारपर्यंत आखाडा बाळापूरपर्यंत खबर गेली असणार.

कारभारीण हसली नाही. ती खाली बसली, माझ्या टोपलीतल्या गोळ्या एकेक करून पदरात घेतल्या. इतक्या अलगद हातानं, जशी काही त्या परत वेलाला चिकटणार होत्या. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्यासमोर ती लग्नानंतर रडली असेल ती दोनदा, आणि दोन्ही वेळा घरात मयत होतं. मला शिव्या दिल्या असत्या तर मी परत शिव्या दिल्या असत्या. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा खरोखरची लाज वाटली, आणि ती लपवायला माझ्याजवळ रागसुद्धा शिल्लक नव्हता.

त्या दिवसापासून मी घरजावई झालो. उजाडायच्या आत रानात. नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागं मुडपायच्या, नवरीजवळ न्यायचं, अलगद फिरवायचं, तीन बाजूंनी. मावशी म्हणायची, तीन बाजूंनी नाही फिरवलं तर फळ एका अंगानं फुगतं. नंतर ते खरंच निघालं. माझे हात हळदीनं पिवळे झालेले, आणि हळदीच्या पिवळ्या हातानं मी लग्नं लावत हिंडतोय, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आयतंच. रस्त्यावरून मोटारसायकली हळू व्हायच्या. "काका, आहेर कुठं ठेवायचा?" "मामा, मुहूर्त किती वाजताचा?" एकानं तर चारचाकी थांबवून खाली काच केली आणि विचारलं, "पंगत हाय का?" पहिल्या दिवशी मी असं विचारणाऱ्याच्या मागं ढेकूळ घेऊन धावलो. चौथ्या दिवशी म्हणलं, हाय, पन उकडलेली हळद हाय, खा.

राग गेला असं नाही. राग होताच. पण ज्या माणसाला एका सकाळी तीन-चारशे नवऱ्या उजवायच्या आहेत त्याला भांडायला टाइम मिळत नाही. आणि वाकून बघताना मला तिथं माशांच्या कामाचा अंदाज यायला लागला. मी दम लागेपर्यंत जे करत होतो, ते त्या एवढंएवढं पोट घेऊन, कुणी न सांगता, सकाळी उठून करत होत्या. मजुरी नाही, चहा नाही, बिडीला थांबणं नाही. आणि मी त्यांना दीडपट माप ओतून मारलं होतं. दीडपट का, दुप्पट. खरं तर त्याहून जास्त.

टरबुजं धरली. सगळी नाही. कारभारणीच्या ओळींतली गोल, गुळगुळीत. माझ्या पहिल्या चार ओळींत तर उशिरानंच काही लागलं, आणि जी लागली ती कुठं डावीकडं फुगलेली, कुठं उजवीकडं दबलेली, दवाखान्यातून आलेल्या माझ्या तोंडासारखी. जवळ्याच्या बाजारात एक बाई वाकडं टरबूज हातात फिरवून म्हणाली, "हे आसं काहून?" कारभारीण म्हणाली, "आतून गोड हाय, घ्या." आणि कापून दाखवलं. लालभडक होतं.

एकूण पीक निम्म्याच्या आसपास आलं. निम्मं म्हणजे निघालं की फेल, हे आमच्या दिवाळीच्या बोलण्यात ठरलं नव्हतं. ते दादा ठरवणार.

चैत्र संपता संपता दादा आले. रिकाम्या वेलांतून चालत गेले, एक उरलेलं वाकडं टरबूज पायानं पलटलं, आणि विहिरीच्या कठड्यावर बसले. मावशी हळदीची शेवटची पोती शिवत होती, तिची माणसं तिथंच. कारभारीण लिंबाच्या बुंध्यामागं पदर घेऊन उभी.

दादा म्हणाले, "निम्मं आलं. निम्मं म्हंजे फेलच की. जून लागला की इथं हळदीचं बेणं टाकू." वाईट मनानं नाही म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आणि पुढं म्हणाले, "बायांच्या हातची शेती, काय म्हणायचं."

बुंध्यामागून नेहमीचा 'दादांना म्हणावं' आला नाही. मी वाट बघितली. ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. त्याच मातीत ती इतकी वर्षं वाकली होती, आणि आता ती हातची जायला लागली तरी तिला बोलायची सोय नव्हती. बोलायचं ते माझ्या तोंडानंच, आणि आज ती मलाही काही सांगत नव्हती.

मी उभा राहिलो. गुडघे कटकटले.

"दादा, बाईच्या हातची शेती फेल न्हाई गेली," मी म्हणलं. "ती माझ्या हातनं गेली. मोहोळ मी मारलं. वर फुलात फवारलंबी मी. नवऱ्या तोडल्या मी. जे निम्मं आलं ते तिचं हाय, जे निम्मं गेलं ते माझं हाय. अर्ध एकर तिचं. हरलो असंल तर मी हरलो."

दादांनी माझ्याकडं बघितलं. आमच्या घराण्यात 'मी हरलो' हा शब्द कुणी काढलेला कुणाच्या ऐकण्यात नव्हता. मावशीची सुई थांबली. दादांनी टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले, "बरं. तिचं तर तिचं." आणि उठून गेले. एवढंच झालं. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल, पण तसं काही झालं नाही.

ते गेल्यावर कारभारणीनं पदर खाली घेतला. चेहरा असा उजळला होता की मी बघतच राहिलो. पण मला 'शाबास' वगैरे म्हणेल तर ती ती कसली. विहिरीकडं तोंड करून तिनं नजरेनंच अर्ध एकर मोजलं.

"फुडच्या साली पुन्हा टरबूजच," म्हणाली. "ह्या बारी सगळ्या बेडवर."

"आन् माशा?" मी विचारलं. "त्या काय लगेच येत्यात व्हय? झाडं लावावी लागतील, ती वाढावी लागतील, फवारणी आवरावी लागंल, शेजाऱ्याला सांगावं लागंल, त्यो ऐकंल न ऐकंल. दहा-पंधरा सालं जातील. तवर ही एवढी फुलं कोन उजवील?"

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"तुमी हाय की," म्हणाली.

त्या मोहोळात किती माशा होत्या, कुणी मोजल्या नव्हत्या. आता त्या सगळ्यांच्या जागी मी एकटा आहे, मला कंबरदुखी आहे, आणि मला उडता येत नाही.